किल्ली कुणाकडे?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी आई-वडिलांची आहेत, निम्मी मुलांची. गंमत अशी की तक्रार दोघांचीही एकच : समोरचा सोडत नाही.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रात्री अडीचपर्यंत जागा, सकाळी दहाशिवाय उठत नाही. कॉलेजातून आला की खोलीला आतून कडी. 'काय चाललंय' विचारलं की 'काही नाही'. दहावीपर्यंत सगळं येऊन सांगायचा. कडीच काढून टाकू, असं ह्यांचं म्हणणं. – एक आई, कोथरूड

उत्तर : कडी राहू द्या.

आधी झोपेचं बघू. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा वाढायला लागतं आणि विशीच्या आसपास हे घड्याळ हळूहळू परत मागे येऊ लागतं. त्यामुळे अकराला अंथरुणावर पडून टक्क जागा असलेला मुलगा नाटक करत नसतो. साडेबारा ते अडीच हे दोन तास मात्र मेलाटोनिनच्या नावावर खपवता येणार नाहीत, ते मोबाइलचे. त्याबद्दल जरूर बोला, पण मध्यरात्री दारात उभं राहून नको.

आणि 'काय चाललंय?' हा मुलांना प्रश्न वाटतच नाही, हजेरी वाटते. माझ्याकडे येणाऱ्या एका वडिलांनी वेगळंच केलं. दर शनिवारी मंडईत भाजी आणायला मुलाला स्कूटर चालवायला द्यायची, आपण पिशव्या घेऊन मागे बसायचं. तिसऱ्या शनिवारी लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत पोरगा पुढे बघतच म्हणाला, "बाबा, एम-थ्री राहिलाय माझा." एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्यांना या दोन अक्षरांचं वजन सांगायला नको. घरी समोरासमोर बसवून विचारलं असतं तर हे वाक्य आलं नसतं.

फक्त एवढं बघा : जेवण तुटलंय का, मित्र सुटलेत का, जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलतो का. तसं असेल तर शनिवारची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही आहे.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा, बीड जिल्ह्यातला. पाच वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, नंतर दोनदा पूर्वपरीक्षाही निघाली नाही. मन उडालंय. गावात आत्तापासूनच 'साहेब' म्हणतात. वडील सोयाबीन विकून पैसे पाठवतात. थांबतोय हे घरी कसं सांगू?

उत्तर : 'थांबू का?' असं तू विचारलेलंच नाहीस, 'कसं सांगू?' असं विचारलंयस. म्हणजे निर्णय झालाय, जड जातंय ते सांगणं.

ते का जड जातं हे शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या अभ्यासिका बघितल्या की कळतं. ठरलेली खुर्ची, तिच्या पाठीवर टॉवेल, टेबलावर पाण्याची बाटली, रात्री दहाला अमृततुल्यवर तोच पाच जणांचा गट, तीच कटऑफची चर्चा. परीक्षा सोडायची म्हणजे हे आख्खं गाव सोडायचं. शिवाय तुला बाहेरून कुणी थांबवणार नाही. यूपीएससी खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षं आणि ६ प्रयत्नांवर निदान दार लावून घेते. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गालाच ३८. तोवर तुझं काय होईल याचा विचार जाहिरातीत छापलेला नसतो.

पाच वर्षं वाया गेली नाहीत, असं म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही. पहिली तीन कामाची होती, शेवटची दोन बहुधा भीतीपोटी गेली. पण राज्यघटना, अर्थव्यवस्था, रोजचं वाचन आणि एका जागी दहा तास बसायची सवय हे तुझ्याकडे आहेच. त्याला पगार कुठे मिळतो ते आधी शोध. खासगी शिकवणी, बँकेची परीक्षा, एखाद्या संस्थेतलं कार्यालयीन काम, काहीही. घरी जाशील तेव्हा 'सोडतोय' या शब्दाने सुरुवात करू नकोस, 'एक तारखेपासून इथे जातोय' असं म्हण.

फोनवर सांगू नकोस. दिवाळीत, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना तर नकोच. वडिलांना एकट्याला गाठ, बांधावर गाठलंस तर उत्तम. आणि हिशेब घेऊन जा. असाच एक मुलगा माझ्या सांगण्यावरून मेसच्या कार्डामागे आकडे लिहून घेऊन गेला होता : आजवर घरून किती आले, अजून तीन महिने किती लागतील, कोणत्या महिन्यानंतर एक रुपयाही नको. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं, "या महिन्याचं खोलीभाडं दिलंस का?"

गावाचं म्हणशील, तर गाव दोन आठवडे बोलेल. तोवर कुणाचं तरी लग्न मोडतंच.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, धायरीहून स्वारगेटला क्लासला जातो. बसला गर्दी फार. त्याचे सगळे मित्र स्कूटरने येतात. आम्हीच एवढं ताणायचं का?

उत्तर : हो, ताणायचं. १६ नंतर परवानगी आहे ती फक्त बिनगियरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीला, आणि तीही लायसन्स काढून. तुमच्या घरातली स्कूटर त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कल्याणीनगरमध्ये मे २०२४ मध्ये मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, ते सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी दिल्यामुळे. पीएमपीचा पास काढून द्या.

प्रश्न : मी २० वर्षांची आहे. समुपदेशनाला यायचंय, पण आईला फोन करून सगळं सांगाल का?

उत्तर : नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार १८ पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः संमती देते, आणि गोपनीयता हा तिचा हक्क आहे. जिवाला धोका दिसला तरच गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही मी आधी तुला सांगेन. ये.

प्रश्न : मी २३ वर्षांची, हिंजवडीत नोकरी, घर कर्वेनगरला. माझं एटीएम कार्ड बाबांकडे, पिनही त्यांनीच ठेवलाय. महिन्याला पाच हजार देतात. मैत्रिणीच्या लग्नाच्या आहेरालाही मागावे लागतात. बाबा वाईट नाहीत. पण...

उत्तर : त्या 'पण'पुढची टिंबं मी वाचली.

मी पहिल्या पगाराचं पाकीट आईच्या हातात दिलं होतं. तिने ते देवापुढे ठेवलं आणि त्यातले पन्नास रुपये मला दिले. मला फार छान वाटलं. तोच रिवाज पुढे चालू राहिला आणि ३१ व्या वर्षी इन्कम टॅक्सचा फॉर्म आयुष्यात पहिल्यांदा हातात धरून मी रडकुंडीला आले. काय भरायचं, कुठे भरायचं, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आईचं प्रेम खोटं नव्हतं, पण शिकायचं राहिलं ते राहिलंच.

भांडू नकोस. पिन बदल आणि त्याच संध्याकाळी चहा घेताना सांगून टाक. बाबांना ते बँकेच्या मेसेजवरून कळायला नको. पिन दुसऱ्याला देऊ नये हा बँकेचाच नियम आहे, तो पुढे कर. घरात पैसे द्यायचे तर नक्की दे. रक्कम ठरव आणि पगार झाला की स्वतः पाठव. तुझ्या हातून त्यांच्या खात्यात गेलेले पैसे आणि त्यांनी काढून घेतलेले पैसे यांत रुपयाचाही फरक नसेल, पण घरात तुझी जागा बदलेल.

आणि त्यांना रिकाम्या हाताने बसवू नकोस. इतकी वर्षं हिशेब सांभाळणाऱ्या माणसाकडून एकदम सगळं काढून घेतलं तर तो दुखावतो. जुलैच्या आत म्हण, "बाबा, या वर्षी रिटर्न मी भरते, तुम्ही शेजारी बसा." पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा, ऑफिसने दिलेला फॉर्म १६ समोर ठेव. नॉमिनी कोण लावलाय ते विचार. चुकशील, ते चष्मा वर करून सांगतील, बोलूनही घेतील. ऐकून घे, पण माउस तुझ्याच हातात राहू दे.

मैत्रिणीचं लग्न कधी आहे? आहेराचं पाकीट मात्र तूच घेऊन ये.