युट्रेख्तला निघालीस, तर हे ऐकून जा

युनिव्हर्सिटी कॉलेज युट्रेख्त म्हणजे मोठ्या संशोधन विद्यापीठाच्या पोटातलं छोटं कॉलेज. 1998 साली सुरू झालेलं, नेदरलँड्समधलं अशा प्रकारचं पहिलं. परिसर जुन्या लष्करी बराकींचा आहे. पहिले काही आठवडे सगळं जग तेवढंच वाटतं. तिथेच फसायला होतं.

विषय निवडायची मोकळीक मिळाली की आपण बुफेत गेल्यासारखे वागतो: थोडं तत्त्वज्ञान, थोडी न्यूरोसायन्स, चिमूटभर कायदा. दिसायला छान! पण पुढे मास्टर्सला अर्ज करताना विचारतात, संख्याशास्त्र किती केलंत, प्रयोगशाळेत किती काम केलंत? म्हणून आवडलेल्या दोन-तीन मास्टर्सच्या प्रवेश-अटी पहिल्याच वर्षी वाच आणि तिथून मागे येत विषय ठरव. ट्यूटरशी, म्हणजे विषय निवडताना सल्ला देणाऱ्या शिक्षकाशी, हेच बोल; ‘सगळं ठीक आहे’ म्हणून पाच मिनिटांत उठू नकोस.

एक कोर्स 7.5 क्रेडिटचा आणि डच हिशेबात एक क्रेडिट म्हणजे 28 तास. म्हणजे एका कोर्सला 210 तास, आणि सत्रात असे चार. वर्ग लहान असतात, न वाचता गेलीस की लगेच उघडी पडशील. (मी पडलेय.)

आणि कुंपणाबाहेर जा. मूळ विद्यापीठाच्या विभागांतले प्रगत कोर्स, तिथल्या प्रयोगशाळा, तिथले प्राध्यापक यांच्यासाठीच तर विद्यापीठातलं कॉलेज निवडायचं. प्रबंधाचा मार्गदर्शक शोधायला शेवटच्या सत्राची वाट पाहू नकोस. आधीच नीट चार ओळींची ईमेल टाक. उत्तर नाही आलं तर आठवड्याने पुन्हा टाक.