तास किती ते नंतर, वर्गात उभं किती राहायचं ते आधी विचारा

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही बार्शीहून लिहिलंय, एसटीत वाहक आहात. मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला इंग्रजी शिकवायचंय. एका संस्थेनं तिला '१२० तासांचा आंतरराष्ट्रीय टेफेल कोर्स' (टेफेल म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणं) सुचवलाय. सगळा ऑनलाइन, फी ६५,००० रुपये, वर दुबईत नोकरीची हमी. महिनाअखेर शेवटची तारीख. पतपेढीचं कर्ज मंजूर व्हायच्या बेतात आहे आणि तुम्ही विचारताय, पैसे भरू का?

भरू नका.

मुलीची निवड चुकलेली नाही, हे आधी सांगते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना ती कशी शिकवायची, हे स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावी झालेलं पोर चार वाक्यं बोलताना अडखळतं. अशा मुलांना बोलतं करणारा माणूस सगळीकडे हवा आहे.

पण टेफेल किंवा टेसोल (इतर भाषकांना इंग्रजी शिकवणं) ही नावं कुणा एकाच्या मालकीची नाहीत. 'आंतरराष्ट्रीय टेफेल प्रमाणपत्र' कुणीही छापू शकतं. जगभरच्या भाषा-संस्था ज्यांना मानतात अशी सुरुवातीची प्रमाणपत्रं मुख्यतः दोन. एक केंब्रिज विद्यापीठाचं सेल्टा, दुसरं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज या परीक्षा मंडळाचं सर्टटेसोल. सेल्टा साधारण १२० तासांचं, ट्रिनिटीचं १३० तासांचं. त्यातलं खरं मोल मात्र सहा तासांचं आहे. या सहा तासांत उमेदवार खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना शिकवतो, प्रशिक्षक मागे बसून टिपणं काढतो आणि तास संपला की काय जमलं, काय फसलं ते तोंडावर सांगतो. सेल्टात शिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तास बघायचे असतात आणि चार लेखी कामं करून द्यायची असतात. ट्रिनिटीत तर उमेदवाराला एका अनोळखी भाषेच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसवतात, काहीच कळत नसताना बाकावर कसं वाटतं ते कळावं म्हणून! जाहिरातवाल्या कोर्सांनी १२० हा आकडा तेवढा उचलला आणि ते सहा तास गाळले.

त्या सहा तासांत काय होतं, ते एका प्रसंगातून सांगते. एका कार्यशाळेत मी अशीच मागे बसले होते. एक हुशार मुलगी 'यूज्ड टु' शिकवत होती. फळ्यावर वाक्य होतं, 'आय यूज्ड टु लिव्ह इन सातारा.' म्हणजे मी पूर्वी साताऱ्यात राहायचो, आता नाही. नियम सांगून झाला, उदाहरणं झाली, मग तिनं विचारलं, 'समजलं?' सगळा वर्ग एका सुरात, 'यस मॅडम.' मी शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, 'हा माणूस आता कुठे राहतो रे?' तो म्हणाला, 'साताऱ्यात.' आपल्याकडे 'आय यूज्ड टु गो टु जिम' म्हणजे 'मी जिमला जात असतो' असंच धरतात, त्यानंही तेच धरलं. त्या मुलीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिनं 'समजलं का' हा प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी विचारलं, 'तो आता तिथे राहतो का? पूर्वी राहत होता का?' पाच मिनिटांत कुणाला कळलंय आणि कुणाला नाही, ते तिच्यासमोर उघडं पडलं. अर्थ तपासणारे असे प्रश्न विचारायला व्हिडिओ बघून शिकता येत नाही. कुणीतरी मागे बसून चूक दाखवावी लागते.

आता तिच्यासाठी वाट कोणती, ते बघू. आधी ठरवायचं, तिच्यासमोर कोण बसणार? शाळेतली मुलं, कॉलेजातली की नोकरीतली मोठी माणसं?

शाळा असेल तर बी.एड.ला पर्याय नाही. दोन वर्षं जातात म्हणून मुलं कुरकुरतात, पण त्यात २० आठवडे शाळेत काढायचे असतात. म्हणजे वर जे मी मोलाचं म्हटलं, ते इथे भरपूर मिळतं, आणि सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळालं तर ६५,००० पेक्षा कितीतरी कमी पैशांत. सीईटीचा अर्ज सुटला की लगेच भरायला सांगा. पुढे आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. भरती रखडते हे खरंय, तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पण खासगी आणि सीबीएसई शाळाही बी.एड.च विचारतात आणि आखातातल्या भारतीय शाळासुद्धा. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा एरवी सातच इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीयांना दोन देशांच्या व्यापार करारामुळे वाट आहे, पण ती पदवीबरोबर शिक्षकाची पात्रता असलेल्यांना. म्हणजे परदेशाचं दारही पुष्कळदा बी.एड.च उघडतं.

कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. नेटच्या इंग्रजीच्या दहा घटकांत एक भाषा आणि तिच्या अध्यापनाचा आहे, एक भारतातल्या इंग्रजीचा. साहित्याची मुलं हे दोन्ही घटक सोडून देतात. तुमच्या मुलीला आवड आहे, तिनं तिथेच मार्क काढावेत. फक्त सेट झाली की लगेच कायम नोकरी, असं धरू नका. बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढलेली माणसं मी रोज बघते.

मोठ्या माणसांना किंवा भाषा-संस्थेत शिकवायचं असेल, तर सेल्टा. फी लाखाच्या वर जाते, म्हणून आज नको. वर्ष-दोन वर्षं शिकवून, स्वतःच्या पगारातून करावं. पूर्ण वेळ केलं तर चार-पाच आठवडे लागतात, ऑनलाइनही होतं, पण ऑनलाइनमध्येसुद्धा समोर खरे विद्यार्थी असतात. प्रवेशाला मुलाखत आणि भाषेची चाचणी असते. पैसे भरले की प्रवेश, असं नसतं.

दरम्यान हातचं काही करायचं असेल तर इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे. त्याहून भक्कम म्हणजे हैदराबादच्या इफ्लूचा, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचा. १९५८ साली देशात इंग्रजी शिकवणारे घडवण्यासाठीच ही संस्था निघाली, आज ते केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथला इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स आणि पुढचा डिप्लोमा दूरशिक्षणानं करता येतो. इंग्रजी विभागांत या नावाला वजन आहे.

इंग्लंडमधल्या एक वर्षाच्या एम.ए. टेसोलबद्दलही तुम्ही विचारलंय. शिकवण्याचा अनुभव नसताना कर्ज काढून जाऊ नये. बऱ्याच ठिकाणी आधी अनुभव मागतात, आणि नुसत्या त्या पदवीनं तिथल्या सरकारी शाळेत शिक्षक होता येत नाही.

राहिली दुबईची हमी. नोकरी आणि व्हिसा नोकरी देणारा देतो, कोर्स विकणारा नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्या संस्थेचं नाव आहे का ते मुलीला बघायला सांगा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'तिचं इंग्रजी आमच्या बार्शीच्या वळणाचं आहे, चालेल का?' भाऊ, चालेल. उच्चार स्पष्ट हवेत, साहेबी नकोत. आपण 'व्हेस्ट' (vest) आणि 'वेस्ट' (west) दोन्हीला एकच 'व' वापरतो, मराठीत इंग्रजी 'द' (the) सारखा शब्द नाही म्हणून मुलं तो विसरतात किंवा नको तिथे घालतात. मूल कुठे आणि का अडखळतं, हे तिला आतून ठाऊक आहे. लंडनच्या माणसाला ते पुस्तकातून शिकावं लागतं.

उद्या त्या संस्थेला फोन करा आणि एवढंच विचारा, 'माझी मुलगी खऱ्या विद्यार्थ्यांना किती तास शिकवणार आणि त्या वेळी मागे कोण बसणार?' काय म्हणाले ते मला कळवा. आणि पतपेढीला सांगून टाका, कर्ज सध्या नको.