तयार असलेले पुन्हा लिहिणे म्हणजे वेळ वाया घालवणे का?

नोकरीत दोन वर्षे झालेली एक प्रोग्रॅमर माझ्याकडे आली, तेव्हा तिचा प्रश्न अनेकांना पडतो तोच होता. काही आठवडे ती रोज रात्री गिटसारखी, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास जपणारी, छोटी प्रणाली स्वतः लिहीत होती. उत्तम साधन फुकट मिळत असताना दळलेलेच पुन्हा कशाला दळायचे, असे सहकाऱ्याने विचारल्यापासून मात्र तिला रुखरुख लागली होती.

काम सध्या कुठे अडले आहे, एवढेच मी विचारले. फाइलच्या मजकुरावरून तिने काढलेला एसएचए-१ हॅश (मजकुराचा ठसा म्हणावा असा ठरावीक लांबीचा संकेतांक) गिटच्या ४० अंकी हॅशशी जुळत नव्हता आणि तीन रात्री स्वतःचा कोड तपासूनही तिला चूक सापडली नव्हती. चूक तिथे नव्हतीच. गिट मजकुराच्या आधी ‘ब्लॉब’ हा शब्द, एक मोकळी जागा, मजकुराची बाइटमधली लांबी आणि शून्य किमतीचा एक बाइट जोडतो व मग या सगळ्याचा हॅश काढतो. हे शोधताना तिच्या लक्षात आले की, त्यात फाइलचे नाव कुठेच नाही. ते ‘ट्री’मध्ये, म्हणजे फोल्डरमधल्या नावांच्या यादीत, वेगळे राहते. नाव बदलल्याची नोंद गिट ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून ते नंतर ओळखतो. म्हणूनच नावाबरोबर मजकूरही बराच बदलला की फाइलचा मागचा इतिहास दिसेनासा होतो. कामावर तिने हा त्रास अनेकदा सोसला होता, कारण मात्र आता कळले.

तो हॅश जुळला नाही, हीच तिची खरी कमाई, असे मी तिला सांगितले. आपली कल्पना आणि मूळ रचना जिथे वेगळी पडते तिथे शिकण्यासारखे काही असते, म्हणून आधी स्वतः लिहावे आणि मगच मूळ कोड उघडावा, असे माझे ठाम मत आहे. (१९८७ मधील मिनिक्स ही विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीच नव्याने लिहिलेली, युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम होती, ती वापरणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले आणि २००५ मध्ये गिटही.) सहकाऱ्याचे म्हणणे एका बाबतीत रास्त होते: वर्षानुवर्षे चुका दुरुस्त होत आलेल्या साधनाच्या जागी घरी लिहिलेला कोड कार्यालयाच्या प्रकल्पात वापरू नये. तिचा तसा विचारही नव्हता.

आम्ही मिळून कामाची मर्यादा ठरवली: कमिट (बदलांची नोंद करणे) आणि इतिहास एवढेच लिहायचे, मर्ज (वेगवेगळे बदल एकत्र करणे) व नेटवर्क सोडून द्यायचे. पुढच्या भेटीत तिने दोन पानांचे टिपण आणले होते. तिच्या रचनेत आणि गिटमध्ये पडलेला प्रत्येक फरक त्यात कारणासह लिहिलेला होता आणि तीन फरकांपुढे अजून प्रश्नचिन्हे होती.