हिऱ्यावर संदेश कोरून घ्यावा का?

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोसाठी ५० सेंटच्या, म्हणजे ०.५० कॅरेटच्या, हिऱ्याची अंगठी करतोय, असं तुम्ही लिहिलंत. सराफाचा अंदाज असा: हिरा ९५,०००, सोनं ४८,०००, घडणावळ १४,००० आणि ३% जीएसटी धरून १,६१,७१० रुपये. हिऱ्यावर लेझरने चार शब्द कोरायचे ७,५०० वेगळे. त्यामुळे हिरा एकमेव होऊन पुढे जास्त किंमत येईल का, हा तुमचा प्रश्न.

नाही येणार. तरीही मी नको म्हणणार नाही. पैसे बाजूला काढलेले आहेत, कर्ज नाही, आणि पंचवीस वर्षांच्या सोबतीची आठवण ही खर्च करण्याजोगी गोष्ट आहे. फक्त हे ७,५०० गुंतवणुकीत धरू नका. घडणावळ आणि जीएसटी मिळून १८,७१० मोडताना परत येत नाहीत. त्यात हे घातले की २६,२१० रुपये पहिल्या दिवशीच संपले, असं समजून चाला.

माझी खरी काळजी पुढची आहे. सराफाने हिऱ्याला ८०% बायबॅक, म्हणजे तेवढ्या किमतीला परत विकत घेण्याचं आश्वासन, सांगितलाय, तोही तोंडी. संदेश कोरलेल्या हिऱ्याला तो लागू आहे का, हे पावतीवर लिहून घ्या. दुसऱ्याच्या बायकोसाठी कोरलेला मजकूर नव्या गिऱ्हाइकाला नको असतो, मग तो पॉलिश करून काढावा लागतो. त्यात वजन अगदी किंचित घटतं, पण तुमचा हिरा बरोबर ०.५० कॅरेटचा असेल तर तो ०.४९ वर येऊ शकतो. हिऱ्याचा प्रति कॅरेट भाव ०.५० ला पायरी चढतो, त्यामुळे एका सेंटपायी भाव खालच्या पायरीचा लागतो. शिवाय वजन-मापं बदलली की हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा जुना रिपोर्ट जुळत नाही आणि पुन्हा तपासणी करावी लागते. म्हणून त्याच प्रतीचा ०.५२-०.५३ चा खडा बजेटात बसत असेल तर तोच घ्या.

मजकूर कोरतात तो गर्डलवर, म्हणजे हिऱ्याच्या कडेच्या पट्टीवर. ५० सेंटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे परीघ १६ मिलिमीटर. पट्टीची जाडी मात्र व्यासाच्या ३% धरली तर जेमतेम ०.१५ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, दहापट भिंग लागतं. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येतो, त्यामुळे मूळ अक्षराला उंची आणखी कमी उरते. चार शब्दांऐवजी दोघांची नावं आणि तारीख पुरे. कोरण्याआधी अक्षरांचा नमुना मोठा करून मागा आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासा. गर्डल फारच पातळ असेल तर हा विचार सोडून द्या.

कोरायचं ते खडा सुटा असतानाच. बसवलेला हिरा काढताना कडेचा टवका उडण्याची भीती असते आणि ते नुकसान ७,५०० पेक्षा कितीतरी मोठं. शक्य असेल तर त्या तपासणी प्रयोगशाळेकडूनच रिपोर्ट क्रमांकाबरोबर संदेश कोरून घ्या, म्हणजे त्याची नोंद रिपोर्टवरच येते. क्रमांक पुसून त्या जागी संदेश घालतो असं कुणी म्हणालं तर साफ नकार द्या. हिरा आणि रिपोर्ट यांची सांगड घालणारी ती पहिली खूण आहे. मात्र खोटे क्रमांक कोरलेले प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही सापडले आहेत, तेव्हा वजन आणि मिलिमीटरमधली मापंही रिपोर्टशी ताडून पाहा.

बंद कोंदण निवडू नका, त्यात सगळी कड झाकली जाते. चार नखांच्या कोंदणातही नख नेमकं अक्षरांवर बसू शकतं. म्हणून बसवण्याआधी कारागिराला मजकुराची जागा दाखवा आणि अंगठी ताब्यात घेताना दुकानातच भिंगाखाली रिपोर्ट क्रमांक आणि संदेश दोन्ही वाचून पाहा.