कार्पेंटर्सचा ‘अ साँग फॉर यू’ हा अल्बम इतका नावाजलेला का आहे? मला तो छान पण नुसता गोडगोड वाटला.

तुम्ही लिहिलंय की अल्बम दोनदा ऐकला, गाणी कानाला बरी वाटली, पण सगळं फार गुळगुळीत आहे. रिचर्ड आणि कॅरन कार्पेंटर या भावाबहिणीला हाच शेरा त्यांच्या काळातही मिळत होता. 1972 साली रॉकचा जोर होता, आणि स्वच्छ कपड्यातली, नीट भांग पाडलेली ही दोघं अनेकांना फार सोज्वळ वाटायची. माझं म्हणणं असं की गोडवा आहेच, तो नाकारायचं कारण नाही. पण त्याच्या खाली जे काम केलंय ते ऐकू यायला लागलं की हा अल्बम सोडवत नाही.

सुरुवातीपासून ऐकू नका. थेट पाचव्या गाण्यावर जा, ‘गुडबाय टू लव्ह’. गाण्याला आधी वाद्यांची प्रस्तावना नाही, पहिला सूरच कॅरनचा. ओळी इतक्या लांब आहेत की श्वास घ्यायला जागाच दिसत नाही. एकदा स्वतः बरोबरीने गुणगुणून बघा, दुसऱ्या ओळीपर्यंत दम लागतो. ती मात्र कुठेही घाई करत नाही, ओळीचा शेवट तुटू देत नाही आणि श्वास घेतल्याचं जाणवूही देत नाही. आपल्याकडे ज्याला दमसास म्हणतात तो इथे आहे, आणि तो दाखवण्यासाठी वापरलेला नाही. प्रेमाचा नाद सोडून दिलेल्या माणसाचं ते गाणं आहे. अशा माणसाचं बोलणं जसं एका संथ सुरात चालावं तसं ते चालतं.

मग मध्येच इलेक्ट्रिक गिटार येते, तीही चांगली करकरीत, फझ लावलेली, म्हणजे सूर मुद्दाम फाटका आणि खरखरीत केलेली. टोनी पेलुसो हा तरुण वादक तेव्हा दुसऱ्या एका गायकाच्या साथीला वाजवत होता. कॅरनने त्याला फोन करून बोलावलं. रिचर्डने त्याला सांगितलं ते एवढंच, की सुरुवातीला चाल वाजव, मग मनाला येईल ते वाजव. तसंच झालंय. पहिल्या काही मात्रा गिटार गाण्याचीच चाल म्हणते आणि नंतर आवरत नाही. इतक्या हळुवार गाण्यात असा सोलो तेव्हा कोणाला अपेक्षित नव्हता. काही चाहत्यांनी रागावून पत्रं पाठवली. पुढे पॉवर बॅलड म्हणून, म्हणजे हळुवार सुरू होऊन जोरकस गिटारने चढत जाणाऱ्या गाण्यांचा, जो प्रकार रुळला, त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत आज हे गाणं धरलं जातं. चाल रिचर्डची, शब्द जॉन बेटिसचे. कल्पना कुठून आली तेही मजेशीर आहे. बिंग क्रॉस्बी या अमेरिकन गायक-नटाच्या एका जुन्या चित्रपटात एका संगीतकाराचं ‘गुडबाय टू लव्ह’ नावाचं गाजलेलं गाणं असल्याचा उल्लेख येतो, पण ते गाणं कधी ऐकवलंच जात नाही. रिचर्डने ते न ऐकवलेलं गाणं बनवून टाकलं.

आता कॅरनच्या आवाजाबद्दल. तिची खरी ताकद खालच्या पट्टीत आहे. लिऑन रसेलने लिहिलेलं शीर्षकगीत पहिल्या कडव्यापर्यंत तरी हेडफोन लावून ऐका. आवाज खर्जाकडे जातो तिथे तो पातळ होत नाही, उलट भरतो, आणि ती माईकच्या इतकी जवळ आहे की प्रत्येक शब्दाची कड ऐकू येते. रसेलने स्वतः ते गायलंय त्यात एक खरखरीत, थकलेली विनवणी आहे. कॅरन विनवणी करत नाही. हजारो लोकांसमोर गाऊन झाल्यावर एकाच माणसाशी खासगीत बोलावं, हा त्या गाण्याचा आशय तिने शब्दशः पाळलाय. मधे बॉब मेसेंजरचा सॅक्सोफोन येतो, तोही तिच्या आवाजापेक्षा वरचढ होत नाही.

कॅरन मुळात ड्रमर होती हे विसरू नका. कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथल्या शाळेच्या बँडमध्ये तिने ड्रम्स धरले, आणि स्वतःची ओळखही ती ‘गाणारी ड्रमर’ अशीच करून द्यायची. या अल्बमवर ड्रम्सचं पुष्कळसं काम हॅल ब्लेनने केलंय, पण तिचं लयीचं अंग गाण्यात उतरलंय. ‘हर्टिंग इच अदर’मध्ये कडव्यातले शब्द ती ठेक्याच्या किंचित मागे ठेवते आणि ध्रुवपदात बरोबर ठोक्यावर येते. त्यामुळे ध्रुवपद उसळून आल्यासारखं वाटतं. वाद्यमेळ मोठा झालाय हे अर्धंच कारण, उरलेलं तिच्या शब्द टाकण्यात आहे.

मागे जो कोरस ऐकू येतो त्यात बाहेरचं कोणी नाही. ही दोघंच आहेत. एकेक आवाज वेगळा, पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून ते थर एकावर एक चढवायचे, की दोन माणसांचा वृंद तयार. दोघांचे गळे एकाच घरातले, उच्चार एकसारखे, म्हणून सांधा दिसत नाही. रिचर्ड लाँग बीचच्या कॉलेजात फ्रँक पूलर या वृंदगायनाच्या शिक्षकांकडे शिकला होता, ती शिस्त इथे कामी आलीय. रेकॉर्डची पहिली बाजू संपते तिथे ‘इंटरमिशन’ नावाचा छोटासा तुकडा आहे. आंतोनियो लोत्ती या जुन्या इटालियन संगीतकाराची चर्चमधली रचना घेऊन त्यावर ‘जरा बाथरूमला जाऊन येतो’ असे शब्द बसवलेत, आणि गायलंय अगदी गंभीरपणे, चोख सुरात. या दोघांना विनोदबुद्धी नव्हती असं म्हणणाऱ्यांनी तो ऐकावा.

भाऊ चाल बांधतोय आणि बहीण गातेय म्हटल्यावर मराठी माणसाला हृदयनाथ आणि लताबाई आठवणारच. रिचर्ड त्याशिवाय पियानोवर बसायचा, वाद्यमेळ लिहायचा आणि सोबत गायचाही. बहिणीच्या आवाजाला खाली मोकळी जमीन मिळावी म्हणून तो वाद्यांची गर्दी टाळायचा, आणि मला वाटतं त्याचं मोठेपण त्या टाळण्यात आहे.

दुसरी बाजू मात्र पहिलीच्या तोडीची नाही. ‘फ्लॅट बरोक’ ही पियानोची रचना चटपटीत आहे, ‘पियानो पिकर’ रिचर्डने प्रामाणिकपणे गायलंय, पण त्याच्या आवाजात तिच्यासारखी ओढ नाही. त्यानंतर येतं ते पॉल विल्यम्स आणि रॉजर निकोल्स यांचं ‘आय वोन्ट लास्ट अ डे विदाउट यू’. त्यासाठी ही बाजू लावायलाच हवी.

एक विनंती. कॅरनचं पुढे काय झालं हे माहीत असलेले लोक हा अल्बम रडका करून ऐकतात. अ‍ॅनोरेक्सियाने, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं टाळायला लावणाऱ्या मानसिक आजाराने शरीर खंगून, हृदय बंद पडून ती 4 फेब्रुवारी 1983 रोजी गेली, तेव्हा ती अवघी 32 वर्षांची होती. हे फार वाईट झालं. पण 1972 मध्ये ती 22 वर्षांची, भरात असलेली गायिका होती. गाण्यातलं दुःख तिने कलाकार म्हणून उभं केलंय. ते श्रेय तिचं आहे, तिच्या आजाराला देऊ नये.

आणि ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ ऐकताना कोणतं ऐकताय ते बघून घ्या. आधी ते फक्त अल्बममधलं एक गाणं होतं. लिन अँडरसनने ते कंट्री ढंगात गाऊन गाजवलं, तेव्हा यांनी 1973 मध्ये त्याचं सिंगल, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड काढली. आधीच्या गायनावर कॅरन खूश नव्हती, म्हणून सिंगलसाठी तिने ते नव्याने गायलं, आणि त्या वर्षी डिसेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. संग्रहांमध्ये बहुतेक ठिकाणी हे नंतरचंच सापडतं. अल्बमवरचा आवाज मला जरा सावध वाटतो, सिंगलवरचा जास्त मोकळा. दोन्ही लागोपाठ लावा आणि तुम्हाला कोणतं पटतं ते खाली नक्की लिहा.