रंगमंचावर पाण्याचे थेंब उलटे वर चढताना कसे दाखवायचे?

दाखवता येतात, तेही खऱ्या पाण्याने! बारीक नळी छोट्या स्पीकरला चिकटवून त्यावर ५० हर्ट्‌झचा (सेकंदाला ५० कंपनांचा) सूर वाजवा. धार तुटून सेकंदाला ५० थेंब पडतात. स्ट्रोब लाइटही (ठरावीक वेगाने लुकलुकणारा दिवा) सेकंदाला ५० वेळा चमकवला की थेंब हवेत मोत्यांसारखे थबकतात. तो ५१ वर नेला की वर चढू लागतात, कारण प्रत्येक थेंब आधीच्याच्या जागी पोचण्याच्या किंचित अगोदर उजळतो. हा क्षण तालमीत पहिल्यांदा पाहाल तेव्हा अंगावर काटा येईल.

बाकी दिवे पूर्ण बंद, मागे काळा पडदा, स्ट्रोब बाजूने. खाली परातीत स्पंज हवाच, नाहीतर टपटप ऐकू येते. वायरिंग पाण्यापासून लांब ठेवा. लुकलुकत्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते, म्हणून नाट्यगृहाच्या दारावर सूचना लावा.