जेआरएफ आहे, तर नोकरी सोडू का?

प्रश्न: मी ३१ वर्षांची, खारघरला राहते. समाजशास्त्रात एम.ए. करून सात वर्षं बेलापूरच्या एका संशोधन सल्लागार कंपनीत आहे. हातात ६८,००० येतात, नवऱ्याला तुर्भ्याच्या कंपनीत ४५,०००. घरखर्च ८२,०००, त्यात गृहकर्जाचा हप्ता ३४,०००. मुलगी तीन वर्षांची. एफडी ५ लाख, म्युच्युअल फंडात ४ लाख. नेट-जेआरएफ (यूजीसीची परीक्षा आणि तिच्यावर मिळणारी संशोधन फेलोशिप) झालं आहे, पीएच.डी.ला प्रवेशही मिळतो आहे. विषय साडेबारा टक्क्यांचे भूखंड (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारे) आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबं. नोकरी सोडून पूर्णवेळ पीएच.डी. करू का? मामा म्हणतात, पुढे प्राध्यापकाच्या कायम जागेसाठी संस्थेला पैसे द्यावे लागतील, म्हणून माणगावची जमीन आत्ताच विकून पैसे बाजूला ठेव.

उत्तर: आधी मामांचं. ते चेष्टेत म्हणत नसणार, असे व्यवहार होतात हे त्यांनी ऐकलेलं असणार. पण तो पैसा लाच आहे. त्याची पावती नसते आणि जागा मंजूर झाली नाही किंवा दुसऱ्याच उमेदवाराला गेली तर परत मागायची सोय नसते. मी कोणाच्याही आर्थिक नियोजनात हे कलम लिहीत नाही. जमीन विकायची तर दुसऱ्या कारणासाठी विका.

आता तुमचं गणित. आज दोघांचे मिळून १,१३,००० येतात आणि महिन्याला ३१,००० शिल्लक पडते. जेआरएफचे पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढची तीन वर्षं एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे, ४२,००० मिळतील. वसतिगृहात राहणार नसाल तर त्यावर घरभाडे भत्ता. तो धरून सुरुवातीला साधारण ४८,००० समजा. म्हणजे शिल्लक ११,००० वर येते. पहिली दोन वर्षं महिन्याला २०,०००चा फरक, पुढे थोडा कमी, पाच वर्षांत साधारण दहा लाख. शिवाय न मिळालेली पगारवाढ आणि बंद पडलेला पीएफ. रक्कम मोठी आहे, पण घर बुडत नाही. हव्या त्या कामासाठी तुमच्यासारख्या कुटुंबाने ही किंमत मोजली तर माझी हरकत नाही.

खड्डा लागतो तो फेलोशिप संपल्यावर. प्रबंध झाल्यावर बहुतेकांना आधी मिळतं ते सीएचबीचं काम, म्हणजे तासिका तत्त्वावर. आठवड्याला ९ तास, तासाला ९०० रुपये आणि वर्षात शिकवण्याचे ३० आठवडे धरले तर २,४३,००० होतात. महिन्याला सरासरी २०,२५०. परीक्षा आणि सुट्टीच्या काळात काहीच नाही, आणि मानधन महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही. आजच्याच खर्चाने घरात दरमहा १७,००० कमी पडतील, वर्षाला २ लाखांवर. तेव्हा मुलगी शाळेत असेल आणि खर्च आजचा राहिलेला नसेल. ही वर्षं दोन असतील की सहा, ते तुमच्या हुशारीवर फार थोडं अवलंबून असतं.

कारण कायम जागा निघते ती कार्यभारावर. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात. कला शाखेत मुलं कमी झाली की समाजशास्त्राचे तास घटतात आणि निवृत्त झालेल्याची जागा रिकामीच राहते. कार्यभार असला तरी शासनाची मान्यता, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम), जाहिरात, मुलाखत हे सगळं जुळावं लागतं. २०२१ मध्ये राज्याने सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ जागा भरायला मान्यता दिली होती, पण त्या साऱ्या विषयांच्या आणि साऱ्या महाराष्ट्राच्या. ठाणे, वाशी, पनवेल पट्ट्यात समाजशास्त्राच्या वाट्याला किती येणार, याचा अंदाज तुम्हीच करा.

जागा मिळाली तर मात्र चांगली आहे. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, भत्ते धरून लाखाच्या पुढे. जुनी पेन्शन नाही, एनपीएस, म्हणजे दरमहा वर्गणी भरायची नवी योजना.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारतो. आत्ता अर्ज करता आहात का? २०२३ च्या यूजीसी दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट पुरते, पीएच.डी. ऐच्छिक आहे. उमेदवारांच्या छाननीत कॉलेजांसाठी पीएच.डी.ला २५ गुण आहेत, त्यामुळे तिच्याशिवाय मागे पडाल. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायलाही ती लागतेच. तरी अर्ज करायला पाच वर्षं थांबायचं कारण नाही.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. हा दुसरा मार्ग. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत त्याची सोय आहे, कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. नुसता पैसा पाहिला तर हाच मार्ग सरस. पण फेलोशिप सोडावी लागेल, आणि उलवे-तरघरला रविवारी जाऊन कुटुंबांच्या जमिनीची कहाणी कितपत उलगडेल याची मला शंका आहे. तीन वर्षांच्या मुलीबरोबर तर नाहीच.

म्हणून माझं मत: पूर्णवेळ करा, पण परतीची तारीख आजच ठरवून. प्रबंध सादर केल्यावर सीएचबीवर जास्तीत जास्त दोन वर्षं. तोवर कायम जागा नाही मिळाली तर संशोधन आणि सल्ल्याच्या कामाकडे वळायचं. तुमच्या विषयाला तिथे गिऱ्हाईक आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आणलं, आणि प्रकल्पग्रस्तांमध्ये पाच वर्षं घालवलेलं माणूस त्या कामाला लागतं. नव्या मुंबईत तर विमानतळ सुरू झाला तरी जमिनीचे प्रश्न संपलेले नाहीत. आताच्या साहेबांशी संबंध गोड ठेवून निघा.

त्या दोन वर्षांसाठी ४ लाख लागतील, महागाई धरून ५. एफडी त्याच नावाने ठेवा, तिला हात लावू नका. फेलोशिप कधी तीन-चार महिने उशिरा येते. तेवढ्यासाठी सहा महिन्यांची तूट, महिन्याला ३७,००० च्या (खर्च ८२,००० वजा नवऱ्याचे ४५,०००) हिशेबाने २,२२,००० वेगळी लागेल. ग्रॅच्युइटी तुम्हाला मिळणारच, मूळ पगार ३०,००० असेल तर सात वर्षांची साधारण १,२१,०००. ती इथे टाका आणि उरलेली लाखभराची रक्कम म्युच्युअल फंडातून काढून लिक्विड फंडात ठेवा.

राजीनाम्याआधी टर्म विमा घ्या, कारण विमा कंपनी पगाराची स्लिप मागते. कंपनीचा मेडिक्लेम जाईल, म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच काढा. पीएफ काढू नका. पीएफमधून पेन्शनचा भाग जात असेल तर त्याचे पैसे न घेता योजना प्रमाणपत्र, म्हणजे सेवेच्या वर्षांची नोंद, मागा. दहा वर्षांची सेवा पुरी झाली तर पेन्शनचा हक्क लागतो आणि तुमची सात झालेली आहेत. पुढे पीएफ असलेली नोकरी केलीत तर ती त्यात जोडली जातील.

आणि प्रवेश पक्का करण्याआधी मार्गदर्शकांच्या मागच्या चार विद्यार्थ्यांना फोन करा. प्रबंधाला किती वर्षं लागली आणि आज ते कुठे आहेत, एवढंच विचारा. सहा-सात वर्षं असं उत्तर आलं तर वरचे आकडे पुन्हा मांडावे लागतील, कारण फेलोशिप पाच वर्षांनी थांबते.